आरशावरचा तंतू

दाफिनामावशीच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या कारखान्याच्या क्लीनरूममध्ये माशीसुद्धा जात नसे, आणि गेलीच असती तर मावशीने तिला आधी पाय पुसायला लावले असते. कपडे बदलायच्या खोलीत स्टूल टाकून ती बसायची. आलेल्याचा आधी वास घ्यायची, मग नखं बघायची, मग कान. कानात डूल, गळ्यात क्रॉस, केसांना जेल, तोंडाला पावडर, काही म्हणजे काही चालायचं नाही. सिगारेट ओढून आलास? बस बाहेर, पाणी पी, तुझ्या फुप्फुसातला धूर आधी संपू दे. खुद्द डायरेक्टर कोस्तोव एकदा दाढी करून, कोलोन चोपडून आले, तर त्यांनाही तिने नळाखाली तोंड धुवायला पाठवलं आणि ते मुकाट्याने गेले. पोरं तिला मागून ‘कस्टमवाली’ म्हणायची. तिचा नवरा गेंचो ट्रक घेऊन युरोपभर फिरतो, आणि तोच कौतुकाने सांगायचा की तुर्कस्तानच्या सीमेवरचे कस्टमवाले आमच्या हिच्यापुढे काहीच नाहीत.

आमचं बल्गेरियातलं गाव काचेवरच जगलेलं. मावशीच्या आईने जन्मभर सैन्याच्या दुर्बिणींच्या काचा घासल्या. मग कम्युनिस्टांची राजवट गेली, कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि ऐन तिशीतल्या दाफिनाने बसस्टँडवर बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, विकायला सुरुवात केली. काही वर्षांनी कोस्तोव आणि त्यांच्याबरोबरच्या दोन-चार इंजिनिअरांनी पडीक कारखान्यातली एक शेड विकत घेतली, आत धुळीचा कणही न चालणारी क्लीनरूम उभी केली आणि अंतराळात जाणाऱ्या यंत्रांचे आरसे करायला घेतले. दाफिना तिथे फरशी पुसायला लागली. तिची फरशी अशी असायची की कोस्तोवांनी वर्षभरात तिला स्टुलावर बसवलं. त्या स्टुलाचा तिला फार अभिमान होता. तोंडाने बोलली नाही कधी, पण होता.

त्या वर्षी हातात होता तो आरसा बानित्साच्या परातीएवढा. बरीच वर्षं काम चालणाऱ्या एका मोठ्या दुर्बिणीत तो बसायचा होता. ती दुर्बीण पुढे कधीतरी चंद्राच्याही पलीकडे जाऊन उभी राहणार आणि परक्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह बघणार, तिथे हवा आहे का, पाणी आहे का, कोणी श्वास घेणारं आहे का. हे सगळं झाहारीने मावशीला कँटीनमध्ये घेवड्याचं सूप पिताना समजावून सांगितलं होतं. झाहारी हा आमचा तरुण इंजिनिअर. आरसा त्याच्या ताब्यात होता, आणि आरशाशिवाय त्याला दुसरं काही सुचत नसे.

तो म्हणाला, "समज, मावशी, तू गेंचोकाकांच्या ट्रकमध्ये पुढे बसलीयस. अंधार आहे. समोरून दुसरा ट्रक येतोय, दिवे फुल्ल. आणि त्या दिव्याला चिकटून एक काजवा आहे, तो तुला बघायचाय. दिवा झाकायची युक्ती आमच्याकडे आहे. पण तुझ्या पुढच्या काचेवर धूळ असली तर?"

"तर काच पांढरीफटक पडते. मग काजवाच काय, रस्तासुद्धा दिसत नाही."

"झालं. तारा म्हणजे तो दिवा, ग्रह म्हणजे काजवा. म्हणून तुझं स्टूल."

त्या काजव्याचा उजेड फोडून त्यात कुठले वायू आहेत ते बघायचं, असं तो पुढे सांगत राहिला. प्राणवायू आणि मिथेन दोन्ही एके ठिकाणी दिसले तर तिथे बहुधा काहीतरी जिवंत आहे, कारण ते दोघे एकमेकांना संपवतात, आणि तरीही उरले असतील तर कोणीतरी ते सारखं तयार करतंय. मावशी पाव बुडवत ऐकत होती. दुर्बीण उडेल तेव्हा मी पेन्शनीत असेन, म्हणाली, नाहीतर वर तुमच्या आधी पोचलेली असेन. मग एकदम तिचा आवाज बदलला. "इतक्या लांबचा श्वास तुम्हाला ओळखू येणार, आणि इथे प्लोवदिवच्या डॉक्टरांना माझ्या पोरीच्या पोटातलं पोर टिकेल की नाही ते सांगता येत नाही. काय शास्त्र आहे रे तुमचं."

झाहारीने चमचा खाली ठेवला आणि सूप तसंच राहिलं.

इस्क्रा ही तिची एकुलती एक. लग्नाला सात वर्षं झालेली, जावई जर्मनीत बांधकामावर. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले, दुसऱ्यांदा तर पाचव्या महिन्यात. आता तिसऱ्यांदा सातवा चढला होता आणि डॉक्टरांनी तिला इस्पितळात आडवं करून ठेवलं होतं. उठायचं नाही, वाकायचं नाही, हसायचंसुद्धा बेताने. मावशी एकाआड एक दिवस बसने जायची, बरणीत कोंबडीचं सूप आणि पाकात शिजवलेल्या बिहीच्या फळांचा कॉम्पोट घेऊन. पोरगी दोन चमचे खायची आणि छताकडे बघत पडायची.

एक मार्च आला. आमच्याकडे त्या दिवशी लाल आणि पांढऱ्या लोकरीचा पिळलेला धागा एकमेकांच्या मनगटावर बांधतात, मार्तेनित्सा. करकोचा दिसला किंवा एखादं झाड फुललेलं दिसलं की तो सोडून त्या झाडाला बांधायचा. तोवर काढायचा नाही, काढला तर वर्ष काही बरं जात नाही म्हणतात. आता लोकर आणि क्लीनरूम यांचं किती सख्य असणार ते सांगायला नको. म्हणून मावशीने आपल्या खोलीच्या दारात खिळ्यांची फळी ठोकली होती. सगळ्यांनी धागा सैल बांधायचा, आत जाताना हातातून ओढून खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर पुन्हा घालायचा. मार्चभर ती फळी लाल-पांढरी दिसायची. स्वतः मावशीने कधी बांधला नाही. लोकर ती लोकर, म्हणायची, करकोच्याला काय कळतंय.

पण त्या दिवशी इस्पितळात इस्क्राने पडल्यापडल्या दोन धागे पिळून ठेवले होते. लोकर आजीच्या घरची, हाताने कातलेली, मेंढीचा वास अजून गेला नव्हता. एक तिने आपल्या हाताला बांधला आणि दुसरा आईच्या मनगटावर, आवळून, तीन गाठी मारून.

"आई, मला माहितीय तू काढून टाकशील. या वेळी नको काढूस. एवढं कर माझ्यासाठी."

"नाही काढणार," दाफिना म्हणाली.

म्हणाली खरी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर बसल्यावर तिने तो ओढून बघितला. गाठी घट्ट, धागा हातातून निघेना. कात्री काढली, पातं धाग्याखाली सरकवलं, आणि हात जागच्या जागी थांबला. ती स्वतःवरच चिडली. अगं बये, तू कधीपासून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला लागलीस? विश्वास नव्हताच. पण कापला आणि पोरीला काही झालं, तर पुढे जन्मभर ती कात्री डोळ्यासमोर येणार, हे तिला कळत होतं. तिने कात्री खिशात टाकली, धागा कोपराकडे सरकेल तेवढा वर सरकवला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, वरून क्लीनरूमचा सूट, सुटावर लांब हातमोजे, आणि ती आत गेली. दिवसातून दोनदा तिला आत जावंच लागे. टेबलं पुसायची, धूळ मोजायचं यंत्र बघायचं, आरशावरचं झाकण उघडायला झाहारीला हात द्यायचा. थोडे दिवस आत येत नाही असं सांगावं, तर कारण काय देणार? कस्टमवालीच्याच सामानात माल सापडला म्हणून अख्खं गाव हसलं असतं.

चार दिवसांत जर्दाळू फुलेल, मग सुटले, असा तिचा हिशोब. तर त्या वर्षी नेमका मार्चात बर्फ पडला. रोज बसच्या खिडकीला नाक लावून ती झाडं बघायची. काळ्या काटक्या, दुसरं काही नाही. गेंचो फोनवर विचारी, पोरगी कशी आहे, तर ही म्हणे, तू ग्रीसकडून येतोयस ना, तिकडे करकोचे दिसले का रे? तो चक्रावून जाई. दुसऱ्याने बघितलेला करकोचा चालत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

महिन्याच्या मध्याला हॉलंडहून तपासनीस आला. यूस्त त्याचं नाव, उंच, शांत, माणूस चांगला. आरसा पसंत करायचा आणि पेटीत भरून न्यायचा, एवढं त्याचं काम. कोस्तोवांनी विमानतळावरच हौसेने त्याच्या मनगटाला मार्तेनित्सा बांधली, घट्ट, आणि करकोचा दिसेपर्यंत काढायची नाही अशी तंबी दिली. तो तसाच मावशीच्या खोलीत हजर झाला. मावशीने खिळ्यांची फळी दाखवली. धागा निघेना. तेव्हा तिने कात्री काढली आणि कापून टाकला. यूस्तने मोडक्यातोडक्या बल्गेरियनमध्ये हसत विचारलं, आता माझं वर्ष वाईट जाणार का? नेहमीची मावशी असती तर दोन शब्द सुनावून सगळ्यांना हसवलं असतं. त्या दिवशी तिने नुसती कात्री खिशात टाकली. तिच्या बाहीखालचा धागा घामाने ओला झाला होता आणि खाजत होता.

आत गेल्यावर दिवे घालवले. अंधारात जांभळा दिवा लावून आरशावरून तिरपा फिरवायचा, म्हणजे एरवी न दिसणारं दिसतं, अशी ही तपासणी. दिवा झाहारीच्या हातात होता. अर्धा आरसा झाला. पाऊण झाला. आणि मग कडेपासून चार बोटं आत काहीतरी निळसर चमकलं. केसाएवढं, वाकडं.

झाहारी अजून वाकून बघत होता, यूस्त खिशातून भिंग काढत होता, आणि मावशीला तेवढ्यात सगळं कळून चुकलं होतं.

तो तंतू त्यांनी हलक्या हाताने उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दोन तंतू होते, एकमेकांत गुंतलेले, एक पांढरा, एक लाल. यावर इंजिनिअरने काय सांगायचं, आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. वाईट त्याहून पुढे होतं. लोकर कच्ची होती, तिच्यातलं तेल आरशाच्या मुलाम्यावर उतरलं होतं. फुंकून जाणार नव्हतं, पुसलं तर ओरखडे उठले असते. यूस्त शांतपणे म्हणाला की मी उद्या सकाळी वर कळवणार, आणि कळवताना हा धागा आला कुठून ते मला सांगता आलं पाहिजे. कारण कळलं तर दुरुस्ती करू. कळलं नाही, तर या खोलीतून पुढचा एकही आरसा घ्यायचा नाही असं माझे लोक म्हणतील.

कोस्तोवांच्या तोंडचं पाणी पळालं. तासाभरात सगळ्यांची झडती झाली, म्हणजे फळी मोजली. सगळ्यांचे धागे खिळ्यांवर होते. मावशीचा हात बघावा हे कोणाच्या मनातही आलं नाही. तिच्याच खोलीत तिचीच झडती कोण घेणार? मग कोणीतरी आयतेनचं नाव काढलं.

आयतेन ही सूट धुणारी. टेकडीपलीकडच्या तुर्की वस्तीतली, नवरा गेलेला, नातू हिच्याच गळ्यात. मागच्या हिवाळ्यात तिला कारखान्याच्या मशीनमध्ये नातवाचा स्वेटर टाकताना बघितलं म्हणे. ती म्हणाली, हो, टाकला होता, एकदाच, आणि तोही बाहेरच्या जुन्या मशीनमध्ये. पण भ्यालेल्या माणसांना कोणावर तरी खापर फोडायचंच असतं. लोकर, धुणं, आयतेन. जुळलं. कोस्तोव म्हणाले, मावशी, तू जाऊन धुण्याची खोली बघ, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

दाफिना गेली. आयतेन मशीनला पाठ लावून उभी होती, ओले हात पोटाशी धरून.

"दाफिना, तू सांग त्यांना. तुझं ऐकतात. मी ते सूट माझ्या नातवालासुद्धा हात लावू देत नाही."

मावशीने मशीनचं दार उघडलं, आत हात फिरवला, जाळी काढून उजेडात धरली. जाळी स्वच्छ होती. "बघते," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर आली. जिन्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली. आपण इतक्या नीच असू असं तिला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. इस्क्राच्या पोटात दुपारी कळा आल्या होत्या. औषध दिलंय, आता थांबल्यात, उद्या या. दाफिनाने फोन ठेवला, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बाही वर केली आणि चिकटपट्टी सोडली. पट्टीच्या कडेला धागा पार झिजला होता, पिंजून त्याचा एवढासा पदर राहिला होता. तिथूनच गेलं होतं ते. सुटाच्या बाहीतून, हातमोज्याच्या काठातून, झाकण उचलताना.

तिने गेंचोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो कुठल्यातरी पेट्रोलपंपावर उभा होता. म्हणाला, गप बस. तुझी बाही कोण वर करतंय? पोरगी सुटेपर्यंत गप बस. आयतेनला दुसरीकडे काम मिळेल, मी बघतो, माझ्या ओळखी आहेत. तो मनापासून सांगत होता, आणि दाफिनालाही ते ऐकायला बरं वाटलं, हेच तिला सहन होईना. बोलायचं म्हणजे हात पुढे करायचा. हात पुढे केला की धागा गेला. तिकडे पोरीच्या कळा थांबल्यात, कशावर थांबल्यात कोणाला ठाऊक. औषधावर, का देवावर, का या पिंजलेल्या लोकरीवर? हसायला पाहिजे होतं तिने स्वतःला. तिला हसू आलं नाही.

सकाळी कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. कोस्तोवांनी रात्रभर डोळा मिटला नव्हता हे दिसत होतं. ते म्हणाले, मला कोणाला दोष द्यायचा नाही, पण यूस्तना उत्तर द्यावं लागेल, तेव्हा आयतेनने उद्यापासून येऊ नये, पुढचं नंतर बघू. आयतेन मागच्या टेबलाशी बसली होती. तिने डोक्यावरचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला आणि उठून पिशवी उचलली.

तेवढ्यात दाफिना बोलली. "थांब गं. साहेब, तो माझा आहे."

"काय तुझं आहे, मावशी?"

तिने बाही वर केली. पट्टी तिने घरीच काढून ठेवली होती. मनगटाच्या वर लाल-पांढरा धागा सगळ्यांना दिसला. कोणीतरी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने पोरीचं सांगितलं, तीन वाक्यांत, उगाच लांबण लावली नाही. आमच्यातल्या बहुतेकांना इस्क्राचं माहीत होतंच.

झाहारीने यूस्तला समजावलं. यूस्तने मान हलवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला की वाईट वाटतं, पण मला नमुना लागेल, एक तंतू पुरे, ताडून बघायला. धागा कापायची गरज नाही. कोस्तोव घाईने म्हणाले, हो, हो, कापायचा नाही, एकच तंतू, जपून. कितीही म्हटलं तरी तेही आमच्यातलेच.

दाफिनाने हात टेबलावर ठेवला. झाहारीने चिमटा आणला. पिंजलेल्या जागेतून त्याने एक केस पकडला आणि ओढला. तो सुटेना. जरा जोर दिला, तर सगळा धागाच तटकन तुटला आणि टेबलावर पडला.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या सुताराने छातीवर क्रॉस केला. झाहारी पांढरा पडला. "मावशी, मी मुद्दाम नाही..."

"ठाऊक आहे रे," दाफिना म्हणाली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आत्ता या क्षणी तिकडे काय होतंय?

तंतू जुळले. यूस्तने तुटलेला धागा एका छोट्या डबीत ठेवला, ती त्याच्या सामानात गेली. आरशाचा मुलामा उतरवून पुन्हा चढवायचा ठरलं. दोन महिने जातील, पण कारण कळलं म्हणून पुढचं काम जाणार नाही, असं तो म्हणाला. कोस्तोवांनी मावशीला बाजूला घेतलं. तुला काढत नाही, म्हणाले, पण त्या स्टुलावर आता बसवता येणार नाही. पेट्या बांधायच्या शेडमध्ये जा. आणि आज पोरीकडे जा. त्यांनी तिच्याकडे न बघता हे सांगितलं. तिने मान डोलावली. त्या क्षणी स्टुलाचं तिला काही वाटलं नाही. ते नंतर वाटायचं होतं.

फाटकाशी आयतेन भेटली. दाफिनाला वाटलं, काहीतरी बोलावं, माफी मागावी. आयतेननेच आधी विचारलं.

"काल मशीनची जाळी उजेडात धरलीस, तेव्हा धागा बाहीत होता ना?"

"होता."

"मी रात्री नातवाला सांगितलं की आजीने काही चोरलेलं नाही. त्याने विचारलंही नव्हतं." एवढं बोलून आयतेन आत, कामावर निघून गेली. पुढे कितीतरी दिवस ती दाफिनाशी बोलली नाही, आणि कोणाची हिंमत झाली नाही तिला बोल म्हणायची.

प्लोवदिवची बस. दाफिना खिडकीशी बसली होती, उघडं मनगट दुसऱ्या हातात धरून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जर्दाळूच्या बागा, प्लमच्या बागा. तिने एकही झाड सोडलं नाही. एखादी कळी, एक पांढरा ठिपका दिसला असता तर तिने बस थांबवून उडी मारली असती. फांद्यांच्या बेचक्यांत बर्फ होता. पोरीला काय सांगायचं? धागा तुटला म्हणून सांगायचं, कालच्या कळांनंतर? इस्पितळाच्या फाटकाशी उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं.

इस्क्रा उशीला टेकून पडली होती, चेहरा मेणासारखा. पोटावर पट्टा होता आणि शेजारच्या यंत्रातून पोराच्या हृदयाचे ठोके ऐकू येत होते, घोडं दुडक्या चालीने जावं तसे. दाफिना दारातच उभी राहून आधी ते ऐकत राहिली. मग आत आली. कोट काढताना बाही वर गेली आणि पोरीची नजर तिथेच गेली.

"आई. तुझा कुठाय?"

"बांधला," दाफिना म्हणाली. "जर्दाळू फुलला ना आपल्याकडे. शाळेच्या भिंतीशी आहे बघ, उन्हाच्या बाजूला, तो. सगळ्यांच्या आधी फुलतो मेला. सकाळी दिसला, लगेच बांधून टाकला."

आयुष्यात ती इतकं सफाईने कधी खोटं बोलली नव्हती. इस्क्रा तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दाफिनाला वाटलं, कळलं हिला.

"खरं? फुलला?" इस्क्राने चादरीखालून आपला हात काढला. मनगटावर सलाईनची सुई, तिच्याभोवती पट्टी. धागा नव्हता. "माझा पहिल्याच दिवशी नर्सने कापला, सुई लावायला. तू घरी गेल्यावर लगेच. मी इतकी रडले, आई. तुला सांगितलं नाही, तू आलीस की हात चादरीखाली घ्यायची, तू घाबरली असतीस. मग म्हटलं, तुझा आहे ना. तुझा आहे तोवर काही होणार नाही. काल कळा आल्या तेव्हा मी डोळे मिटून नुसता तुझा हात आठवत होते."

दाफिना खुर्चीवर बसली.

"आता झालं," इस्क्रा म्हणाली. तिचा चेहरा सैल पडला होता. इतक्या महिन्यांत तो असा झालेला आईने बघितला नव्हता. "आता झाडाला आहे ना तो. फोटो काढलास?"

"फोटोचं कुठलं सुचतंय. बस चुकत होती."

"असू दे. घरी आल्यावर दाखव. आम्हा दोघांना," पोटावरच्या पट्ट्याला हात लावत इस्क्रा म्हणाली.

"दाखवीन," दाफिना म्हणाली.

इस्क्राने आईचं उघडं मनगट धरलं, उशीजवळ ओढून घेतलं आणि थोड्या वेळाने तिचा डोळा लागला. दाफिनाने हात सोडवून घेतला नाही. ती यंत्रातले ठोके ऐकत बसली. मधूनच एखादा ठोका जरा उशिरा आल्यासारखा वाटे, आणि पुढचा येईपर्यंत तिचाही श्वास थांबे.